नावाचा फोटो

१

सकाळचा चहा झाला की हिरामण कपाटातून कॅमेरा काढी, मऊ फडक्याने त्याच्या तिन्ही काचा पुशी आणि दिवाणाच्या ठरलेल्या कोपऱ्यावर बसून तो भारतीवर रोखी. अंबरनाथ पूर्वेला बाजारातला त्याचा स्टुडिओ बंद होऊन बराच काळ लोटला होता. पासपोर्टाचे चेहरे आता जो तो मोबाइलवर काढीत होता. परिपाठ मात्र सुटला नव्हता.

कॅमेरा जपानी, चुलत्याने एका खलाशाकडून घेतलेला, वजनाने भरभक्कम आणि स्वभावाने सरळ. त्यात भिंगातून पाहता येत नसे. भिंग वेगळे, पाहण्याची खिडकी वेगळी. त्या खिडकीच्या मध्यभागी एक फिकट पिवळा चौकोन होता आणि त्या चौकोनात प्रत्येक वस्तू दोनदा दिसे: एक खरी आणि एक तिच्या अंगावरून किंचित सरकलेली, धुरकट. भिंगाभोवतीचे कडे फिरवीत गेले की धुरकट प्रतिमा सरकत सरकत खरीवर येऊन बसे. दोहोंची एक झाली म्हणजे अंतर साधले. ते किती, हे कड्यावर कोरलेले असे: एक मीटरपासून दहापर्यंत आणि त्यापुढे आडवा पडलेला आठ, म्हणजे अनंत.

भारती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून भाजी निवडी. दिवाणापासून खुर्ची दोन मीटरांवर होती. हिरामणच्या बोटांना ते इतके पाठ झाले होते की कड्याकडे पाहण्याची गरज पडत नसे.

त्या सकाळी बोटे नेहमीच्या जागी थांबली, पण भारतीचे नाक एक झाले नाही. चौकोनात तिला दोन नाके होती. त्याने कडे पुढे ढकलले. नाके जुळली तेव्हा कडे तिनावर होते.

"खुर्ची मागे घेतलीस का गं?"

"मागे कुठं घेऊ? मागे खिडकी आहे. चौथ्या मजल्यावरून ढकलायचा बेत असेल तर आधी मेथी तरी निवडून होऊ द्या."

हिरामण हसला. उठून त्याने शिवणाच्या पेटीतली फीत आणली आणि दिवाणाच्या काठापासून तिच्या गुडघ्यापर्यंत मोजले. अंतर नेहमीइतकेच होते. मग तो पुन्हा बसला आणि त्याने चौकोन तिच्या खांद्यामागच्या गजावर धरला. गज चटकन जुळला. कडे दोनाच्या जरासे पुढे, जिथे असायला हवे तिथेच. त्याने चौकोन पुन्हा तिच्या चेहऱ्यावर आणला. तीन.

गज तिच्या पाठीमागे होता, आणि कॅमेऱ्याच्या मते तिच्यापेक्षा जवळ होता.

२

दोनच दिवसांपूर्वी ती दोघे बदलापूरजवळ खरवईला गेली होती. भारतीची थोरली बहीण विठा तिथे दिली होती. विठाला जाऊन वर्ष होत आले होते, वर्षश्राद्ध तोंडावर होते, आणि भिंतीवर लावायला तिचा फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा तेवढा होता.

"तो नको रं बाबा लावू," विठाची सासू बनूबाई म्हणाली होती. "त्यात ती माझ्यावर रागावल्यावानी दिसते. जिती होती तवा कधी रागावली नाय, आता भिंतीवरून रोज रागवंल."

अशा वेळी काय करायचे ते हिरामण चुलत्याच्या हाताखाली शिकला होता. बारवीकडच्या पाड्यांवरून माणसे येत. घरातले कुणी गेलेले असे आणि त्याची एकही छबी मागे राहिलेली नसे. मग त्याच्या चेहऱ्यामोहऱ्याचे माणूस शोधायचे, त्याला गेलेल्याचे कपडे घालून बसवायचे आणि फोटो काढायचा. हसायचे नाही, बोलायचे नाही. नंतर बसलेल्याने ते कपडे उतरवायचे, स्वतःचे घालायचे, पुन्हा त्याच जागी बसून स्वतःचे नाव मोठ्याने घ्यायचे, आणि त्या उच्चारासरशी शटर दाबायचे. हा दुसरा फोटो कुणी छापून घेत नसे. चुलता त्याला नावाचा फोटो म्हणे. तो का काढायचा, असे हिरामणने एकदा विचारले होते. "जेवल्यावर हात का धुतोस?" एवढेच उत्तर मिळाले.

भारती विठाची हिरवी साडी नेसून ओटीवरच्या पाटावर बसली, तेव्हा बनूबाईने तोंडाला पदर लावला. बहिणी तशा सारख्याच, पण साडीने उरलेले अंतरही पुसून टाकले. हिरामणने कडे फिरवले, दोन विठांची एक केली आणि शटर दाबले.

साडी बदलायला भारती आत गेली. शेजारच्या मोकळ्या जागेत टॉवर उभा राहत होता, तिकडून सिमेंटची धूळ येत होती. हिरामणने भिंगावर झाकण चढवले. बनूबाईने चहा आणला. विठा उसळ कशी करी आणि "भावोजी, अजून घ्या" म्हणत हिरामणला कशी वाढी, यावर बोलणे निघाले. तेवढ्यात भारती आपल्या साडीत बाहेर आली, पाटावर बसली आणि शाळेतल्या हजेरीसारख्या ठणठणीत आवाजात म्हणाली, "भारती हिरामण भोईर!"

शटर टिचकले. सगळी हसली.

३

कड्याने तीन दाखवले त्याच दुपारी हिरामणने न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने झाकली आणि रोल धुतला. बाहेर भारती भांडी लावीत होती. एकेका ताटाचा आवाज त्याला ओळखू येत होता. पाणी काढून त्याने ओली फिल्म दिव्यासमोर धरली.

विठाचे चित्र उत्तम आले होते. काळे-पांढरे उलटे असूनही हनुवटीची ती किंचित वर उचललेली ठेवण विठाचीच होती, आणि पाटावर बसलेल्या भारतीने हनुवटी तशी धरल्याचे त्याला स्मरत नव्हते.

त्यापुढची चौकट कोरी होती. काचेसारखी स्वच्छ.

तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. हे कसे घडले ते कळायला त्याला क्षणही लागला नाही. या जातीच्या कॅमेऱ्यात ही चूक नवशिके करतात, आणि ती करणाऱ्यांना तो जन्मभर हसत आला होता. पाहण्याची खिडकी उघडीच असते; तिच्यातून माणूस दिसते, दोन प्रतिमा जुळतात, शटर वाजते, सारे यथासांग होते. फक्त भिंगावर झाकण असते आणि त्याने काहीच पाहिलेले नसते. भारतीने नाव घेतले होते. ते घ्यायला कुणी हजर नव्हते.

"अहो," दारावर टकटक झाली, "माझा कसा आला?"

खरे सांगितले असते तर ती हसली असती. दुसऱ्या दिवशी खरवईला जाऊन तो फोटो पुन्हा काढता आला असता. पण एवढ्या वर्षांच्या कारागिराने असली चूक केली, हे शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले.

"आला," तो म्हणाला. "छान आला."

दाराबाहेर तिने हातातले ताट पुसले. मग म्हणाली, "मला वाटलं नव्हतं येईल म्हणून," आणि पुन्हा ताटे लावू लागली.

विठाचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून त्याने खरवईला पोचता केला. बनूबाईने तो हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"नावाचा नीट निघाला ना?"

"निघाला."

"मंग बरं," म्हातारी म्हणाली. तरी फोटो तिने भिंतीला लावला नाही. तोंड आत करून कोनाड्यात उभा ठेवला.

४

घरी कडे पाचावर गेले होते. हिरामणने कॅमेरा पिशवीत घातला आणि उल्हासनगर कॅम्प एक गाठला. तिथे तीरथ नावाचा सिंधी दुकानदार जुनी यंत्रे दुरुस्त करी. या कॅमेऱ्याचे पोट त्याने पूर्वी दोनदा उघडले होते.

"या भाऊ! अजून ह्या बुढ्याला सांभाळताय? म्युझियमला देऊन टाका, तुमच्या नावाची पाटी तरी लागेल."

"अंतर चुकतंय, तीरथशेठ."

तीरथने दुकानाच्या लांबट भिंतीवर रंगाने खुणा करून ठेवल्या होत्या. कॅमेरा डोळ्याला लावून त्याने एकेका खुणेवर कडे फिरवले. समोरच्या कापडदुकानाची पाटी पाहिली, गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा पाहिली, गच्चीवरची पाण्याची टाकी पाहिली.

"मशीन एकदम बराबर. एवढी खरी चीज मी पण धंद्यात ठेवत नाही."

हिरामणने कॅमेरा परत घेतला आणि तीरथवर रोखला.

"पोटावर नका लावू, भाऊ. ते माझ्याआधी पोचतं."

कडे अचूक जागी थांबले. पिवळ्या चौकोनात तीरथ एकच होता, घट्ट, हसरा.

"सगळीकडे बरोबर दाखवतंय," हिरामण म्हणाला. "एकाच ठिकाणी चुकतंय."

"किधर?"

"बायकोवर."

तीरथ खदखदून हसला. "अरे, बायकोवर फोकस तर माझा पण आजपर्यंत नाही लागला!" मग त्याने हिरामणच्या तोंडाकडे पाहिले आणि हसू आवरले. भिंगावर झाकण लावून त्याने कॅमेरा हळूच पुढे सरकवला. "भाऊ, मशीनमध्ये काही नाही. बुरा मत मानना, पण मशीन मला दाखवून काय उपयोग? वहिनींना दाखवा कुणाला तरी."

५

डॉक्टरांना दाखवले. रक्त, रक्तदाब, साखर, सारे नीट निघाले. "बहीण गेल्याचं दुःख आहे, जरा वेळ द्या," असे डॉक्टर म्हणाले आणि हिरामणच्या बुद्धीला ते पटले. त्याची बुद्धी त्या दिवसांत मिळेल ते पटवून घेत होती.

दुःख म्हणावे तर बदल तसेच होते. भारती टेबल सोडून जमिनीवर जेवायला बसू लागली. दोघांपुरता शिजणारा भात घर माणसांनी भरलेले असावे तसा पातेलेभर शिजू लागला. या घरात माणसे दोनच; मूल नव्हते, येणेजाणेही बेताचे. एवढी वर्षे तिच्या बोलण्यानेच खोल्या भरलेल्या वाटत. कशालाही तिचे उत्तर तयार असे, आणि ते बहुधा प्रश्नाहून टोकदार असे. आता त्याने काही विचारले की ती त्याच्याकडे पाहत राही, आणि प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत असावा तशी थोड्या अवकाशाने बोले.

"चहा टाकू का?"

घड्याळाची टिकटिक ऐकू येई.

"टाका की."

ती दोन मीटरांवर बसलेली असे. कड्यावर आता दहा होते.

कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावावे, असे त्याला रोज वाटे. पण न पाहिल्याने अंतर थांबणार होते का? रोज सकाळी तो आणखी चोरून, आणखी अधीरपणे पाही. रुग्णाच्या कपाळाला घरचे माणूस पुन्हा पुन्हा हात लावून पाहते, तसे.

अशाच एका सकाळी भारतीने जांभई दिली. कॅमेऱ्याच्या खिडकीतून तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावर पिवळ्या चौकोनातली धुरकट प्रतिमा. खऱ्या चेहऱ्याचे तोंड उघडले, मिटले. धुरकट चेहरा मिटल्या ओठांनी समोर पाहत होता. मग खरा चेहरा भाजीकडे वळल्यावर धुरकट तोंड सावकाश उघडले.

हिरामणने कॅमेरा खाली घेतला. ही दुसरी प्रतिमा म्हणजे काय, हे त्याला नीट ठाऊक होते. बाजूच्या लहान काचेतून आलेला प्रकाश एका आरशावर पडतो, तिथून डोळ्यात येतो. आरशाला उशीर होत नाही. आरशापाशी आठवण नसते. हे तो स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी वाक्य बरोबर होते.

"काय झालं?" भारतीने विचारले. तो काहीच बोलला नव्हता. त्याने आदल्या रात्री जेवताना उसासा टाकला होता, त्याचे हे उत्तर असावे असे त्याला उगाच वाटले.

६

दुपारी त्याने नवा रोल भरला आणि तिच्यासमोर बसला.

"भारती, एक सांगायचंय. तुझा नावाचा फोटो आला नव्हता. भिंगावर झाकण राहिलं होतं. मी खोटं बोललो."

ती पाहत राहिली. खालून भंगारवाल्याची आरोळी येऊन गेली.

"झाकण," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या हातून?"

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात जुने टोचरे हसू क्षणभर आले, आणि ते पाहून हिरामणला रडू फुटायचेच बाकी राहिले.

"आत्ता काढू. इथंच. फक्त नाव घे."

"नाव घ्यायला मी काय नवी नवरी आहे?" ती म्हणाली, पण उठून खुर्चीत नीट बसली. पदर सारखा केला.

त्याने झाकण काढून खिशात टाकले. बोटाने भिंगाची काच चाचपून पाहिली. पिवळ्या चौकोनावर विसंबायचे नाही, असे त्याने ठरवले होते. अंतर साधायला चौकोनच हवा असे थोडेच आहे? फितीने मोजायचे आणि कडे त्या आकड्यावर लावायचे. जिथे माणूस आहे तिथलेच चित्र येणार. त्याने फीत लावली, मोजले, कडे दोनावर ठेवले.

"हं. घे नाव."

भारतीने तोंड उघडले. तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेली, तिथे काही लिहिलेले असावे आणि ते तिला वाचायचे असावे तशी.

"भा," ती म्हणाली. थांबली. "भारती."

शटर टिचकले.

संध्याकाळपर्यंत रोल धुऊन झाला. दिव्यासमोर धरल्यावर आधी त्याला खुर्ची दिसली. वेताची वीण न् वीण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती, पाठीची, हातांची, आणि बैठकीचीसुद्धा. तिच्यावरून फक्त काहीसे सांडल्यासारखे, कडा नसलेले, पसरट धुके होते.

असे केव्हा होते, तेही त्याला ठाऊक होते. कडे जवळच्या आकड्यावर असते आणि माणूस फार दूर असते तेव्हा.

७

दुसऱ्या दिवशी भारती स्वयंपाकघरात होती. मोठ्या पातेल्यावरचे झाकण वाफेने थडथडत होते. हिरामणने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि वेताच्या रिकाम्या खुर्चीसमोर, दिवाणाच्या कोपऱ्यावर बसला.

आपण काय करतो आहोत याचा विचार त्याने होऊ दिला नाही. विचार केला असता तर त्याने चहा टाकला असता. त्याने कडे अखेरपर्यंत फिरवले, आडव्या आठावर आणून सोडले आणि डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला. खुर्ची चौकोनात दोन झाली. ते योग्यच होते. त्याने तिच्या पाठीवरून, गजांच्या मधून, सरळ रेषेत बाहेर पाहिले. मग कॅमेरा डोळ्यावरून न काढता तो उठला, खुर्चीला वळसा घालून खिडकीशी गेला आणि गजांना टेकून उभा राहिला.

ऊन कडक होते. समोर इमारतींच्या गच्च्या, त्यांवरच्या निळ्या-काळ्या टाक्या, त्यांच्या पलीकडे कारखान्यांचे पत्रे, आणि त्यापुढे बदलापूरच्या अंगाला डोंगराची धुरकट रेघ. अनंतावर सारे जुळलेले होते, सारे एकेक होते. चौकोन तो हळूहळू सरकवीत गेला. पत्रे. मोकळे रान. रानातून गेलेली मातीची वाट.

वाटेवर एक बाई उभी होती.

ती नखाएवढीही नव्हती, चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण इतकी वर्षे सोबत काढलेल्या माणसाची ओळख चेहऱ्यावर थांबत नाही. एका पायावर भार टाकून, एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्याचा आडोसा डोळ्यांवर धरून ती इमारतींकडे पाहत होती. सगळ्या इमारती सारख्या दिसतात म्हणून वैतागलेली. आपली कोणती, हे शोधणारी. पिवळ्या चौकोनात ती एकच होती, स्वच्छ, सुईच्या टोकासारखी.

"भारती!" हिरामण ओरडला.

एवढ्या अंतरावर आवाज जात नाही. खालच्या रस्त्यावरच्या दोघांनी मात्र वर पाहिले. स्वयंपाकघरात थडथडणारे झाकण थांबले.

थोड्या अवकाशाने, प्रश्न पोचायला लागावा तेवढ्या, रानातल्या बाईने मान वळवली. डोळ्यांवरचा हात खाली घेतला आणि उंच केला. मग ती चालू लागली. इकडेच. भराभरा, साडी घोट्यावर उचलून, मधूनच पळत.

"इकडे! भारती, इकडे!"

त्याला कॅमेरा खाली घेता येईना. घेतला असता तर ती दिसली नसती. कडे त्याने एवढेसे मागे आणले, आणि ती पुन्हा जुळली. दहा मीटरांचा आकडा अजून पुष्कळ लांब होता, पण ती येत होती.

मागे ओल्या पावलांचा आवाज फरशीवरून जवळ आला आणि त्याच्या पाठीशी थांबला. भाताच्या पेजेचा वास आला.

"उगाच कशाला बोलावता तिला, भावोजी?" आवाज मायाळू होता, समजुतीचा. "एवढ्या उन्हाची."

त्याच्या खांद्यावरून एक हात पुढे आला, आणि त्या हाताने खिडकीची काच ओढून घेतली.